औषधशोधातील ‘वेग’ : क्षयरोगाच्या इतिहासावरून एक परामर्श

औषधशोधाच्या चर्चेत ‘वेग’ हा शब्द अलीकडे इतक्या सहजपणे वापरला जातो की, हा वेग नेमका कशाचा, असा प्रश्न विचारण्याची कोणास गरज वाटू नये. संशोधनाची जुनी रीत मंद आहे, नवी रीत शीघ्र असेल, आणि शीघ्रतेतच रुग्णांचे कल्याण आहे, हा विचारक्रम जवळजवळ गृहीत धरला जातो. या गृहीतास आधार नाही असे नाही. जॅक स्कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, महागाईचा हिशेब करूनही, संशोधनावर खर्च होणाऱ्या दर शंभर कोटी डॉलरमागे संमत होणाऱ्या नव्या औषधांची संख्या १९५० पासून दर सुमारे नऊ वर्षांनी निम्मी होत आली आहे. संगणकाच्या क्षेत्रात मूर यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम याच्या बरोबर विरुद्ध दिशेने जातो. म्हणून त्या नावाची रोमन अक्षरे उलट क्रमाने लावून या निरीक्षणास ‘इरूम’ असे नाव देण्यात आले. रसायनशास्त्र, जनुकशास्त्र आणि संगणन ही तिन्ही शास्त्रे भरभराटीस आली असताना त्यांच्या संगमावर उभी असलेली औषधविद्या मात्र महाग व संथ होत गेली, ही वस्तुस्थिती विचार करावयास लावणारी आहे.

या दुखण्यावर उपाय म्हणून गेल्या पाव शतकात संशोधनाच्या अनेक नव्या रचना पुढे आल्या. कोणी खुल्या सहकार्याची, कोणी सार्वजनिक व खाजगी भागीदारीची, कोणी सशर्त परवान्याची, तर कोणी बहुशाखी चाचणीची कल्पना मांडली. त्यांचे मूल्यमापन सामान्यतः त्यांच्या पुरस्कर्त्यांच्या निवेदनांवरून होते, आणि तेथेच घोटाळा होतो. एखाद्या रचनेची परीक्षा तिच्या हेतूंवरून करावयाची नसते. ती ज्या रोगावर लागू केली गेली, त्या रोगाच्या इतिहासात तिने काय केले यावरून करावयाची असते. या दृष्टीने क्षयरोगाइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. वर उल्लेखिलेली प्रत्येक रचना या एका रोगावर वापरून पाहण्यात आली आहे. शिवाय हा रोग जुना, सर्वत्र पसरलेला आणि अद्याप जिवंत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लक्ष लोकांना क्षयाची बाधा झाली आणि साडेबारा लक्ष लोक त्याने दगावले. बाधितांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक भारतातील होते.

क्षयाच्या औषधांच्या इतिहासात वेगाच्या पुरस्कर्त्यांना सर्वांत प्रिय असलेली कथा आयसोनियाझिडची आहे. प्राग येथे हान्स मायर आणि योझेफ माली या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी हे द्रव्य १९१२ मध्येच तयार केले होते. क्षयाशी त्यांच्या कामाचा काही संबंध नव्हता. त्यानंतर चाळीस वर्षे ते द्रव्य ग्रंथालयातील एका नोंदीपुरते उरले. १९५२ च्या आरंभी तीन औषधसंस्थांनी, एकमेकींपासून स्वतंत्रपणे, त्याचा क्षयजंतूंवरील प्रभाव जाहीर केला. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयातील रुग्ण अंथरुणातून उठून हिंडूफिरू लागले, आणि पाहता पाहता औषध बाजारात आले. द्रव्य पूर्वीच प्रसिद्ध झालेले असल्यामुळे त्यावर कोणास एकाधिकार मिळू शकला नाही आणि ते प्रारंभापासून स्वस्त राहिले. या कथेवरून काढले जाणारे अनुमान असे की, ज्ञात द्रव्यांच्या संग्रहांतच उद्याची औषधे दडलेली आहेत, आणि ती चाळून काढण्याचे यंत्र जेवढे वेगवान तेवढा औषधशोध वेगवान.

हे अनुमान अर्धेच खरे आहे. १९१२ ते १९५२ या काळात चाळणीचे यंत्र मंद होते म्हणून आयसोनियाझिड सापडले नाही, असे म्हणता येत नाही. क्षयजंतूवर रसायनाने मात करता येईल ही कल्पनाच त्या काळातील बहुतेक वैद्यांना मान्य नव्हती. प्रश्नच विचारला गेला नव्हता, मग उत्तराला उशीर झाला असे कसे म्हणावयाचे? आणि दुसरे असे की, या कथेचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा अधिक बोधप्रद आहे. परंतु तो फारसा सांगितला जात नाही.

उत्तरार्ध समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांनी वेगळे केले. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये त्याचा पुरवठा इतका अल्प होता की सर्व रुग्णांना ते देणे शक्य नव्हते. या टंचाईचा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी उपयोग करून घेतला. १०७ रुग्णांची यदृच्छेने विभागणी करण्यात आली. ५५ जणांना औषध व विश्रांती, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ व दुसऱ्या गटात १४ मृत्यू झाले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल आधुनिक चिकित्साचाचणीचा आरंभबिंदू मानला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच अहवालात एक अप्रिय गोष्टही नोंदलेली होती. औषध घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या थुंकीतील जंतू काही आठवड्यांतच औषधाला दाद देईनासे झाले होते. पुढे त्या रुग्णांचा मागोवा घेतला गेला तेव्हा प्रारंभीचा लाभ बराचसा ओसरलेला आढळला. म्हणजे सहा महिन्यांच्या हिशेबाने जे औषध उत्तम ठरले ते काही वर्षांच्या हिशेबाने सामान्य ठरले. यातूनच दोन औषधे एकत्र देण्याची कल्पना निघाली, आणि १९५० च्या चाचणीने स्ट्रेप्टोमायसिनला पॅराअमिनोसॅलिसिलिक आम्लाची जोड दिल्यास जंतूंचा विरोध रोखता येतो हे दाखविले. नवे द्रव्य कोणतेच सापडले नव्हते. चाचणीची दृष्टी मात्र लांबली होती.

मद्रासचा प्रयोग या परंपरेचा कळस म्हणावा लागेल. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य, ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून तेथे क्षय-रसायनोपचार केंद्र काढले. त्या वेळी क्षयाचा रुग्ण म्हणजे आरोग्यधाम, चांगली हवा, दूध-अंडी आणि दीर्घ विश्रांती हे समीकरण सर्वमान्य होते. महाराष्ट्रात मिरज-पाचगणीकडे जाणाऱ्या रुग्णांच्या आठवणी अनेक घराण्यांत अद्याप शिल्लक आहेत. मद्रासच्या दाट वस्तीतील दरिद्री रुग्णांची यदृच्छेने विभागणी करून एका गटाला घरीच, तर दुसऱ्याला आरोग्यधामात आयसोनियाझिड व पॅराअमिनोसॅलिसिलिक आम्ल देण्यात आले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे घरच्या घरी, अपुऱ्या आहारावर, गजबजलेल्या खोलीत घेतलेले औषध आरोग्यधामातील औषधाच्या जवळपास तोडीचे ठरले, आणि घरातील इतरांना त्यामुळे अधिक बाधा झाली नाही. एका निष्कर्षाने खाटांचा प्रश्न निकालात निघाला. औषधशोधाच्या ‘वेगा’ची मोजणी करणाऱ्या कोणत्याही कोष्टकात या प्रयोगाला जागा नसते, कारण त्याने नवे औषध शोधले नाही. पण क्षयरुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर गेल्या शतकातील फार थोड्या औषधांनी एवढा वेळ वाचविला असेल.

पुढील वीस वर्षांत याच परंपरेतील संशोधकांनी पूर्व आफ्रिका, हाँगकाँग, सिंगापूर आणि मद्रास येथे एकामागून एक चाचण्या करून, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड यांच्या साहाय्याने, दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आणला. १९७० च्या दशकात हे ज्ञान सिद्ध झाले होते. भारतात काही जिल्ह्यांत ते १९८३ पासून वापरात येऊ लागले आणि सुधारित राष्ट्रीय कार्यक्रमाच्या द्वारे संपूर्ण देशात पोहोचावयास मार्च २००६ उजाडला. तीन दशके! ब्रिटिश परिषदेने आपला क्षयविभाग १९८६ मध्येच बंद केला होता. प्रश्न सुटला असे समजून. या कालखंडात कोणत्याही प्रयोगशाळेचा वेग वाढवून रुग्णाला एक दिवसही लवकर औषध मिळाले नसते. हा मुद्दा नव्या रचनांचा विचार करताना नजरेआड होऊ देता कामा नये.

नव्या रचनांपैकी खुल्या सहकार्याची रचना भारतीय वाचकास सर्वांत जवळची आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने समीर ब्रह्मचारी यांच्या नेतृत्वाखाली २००८ मध्ये ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ हा उपक्रम क्षयरोग समोर ठेवून सुरू केला. संगणकप्रणाली लिहिणारे परस्परांस अपरिचित लोक जसे एकत्र येऊन मोठी रचना उभी करतात, तसे औषधाच्या बाबतीत का करू नये, हा त्यामागील विचार. त्याला प्रतिसादही उदंड मिळाला. क्षयजंतूचा जनुकसंच १९९८ मध्ये वाचला गेला होता. त्यातील सुमारे चार हजार जनुकांचे नव्याने विवरण करण्याचे काम २०१० मध्ये शेकडो विद्यार्थ्यांनी विभागून घेतले. महानगराबाहेरील महाविद्यालयांतील मुले-मुली जागतिक संशोधनाच्या प्रत्यक्ष कामात उतरली, हे या उपक्रमाचे श्रेय कमी लेखण्यासारखे नाही.

परंतु रुग्णाच्या हातात पडेल असे औषध त्यातून निघाले नाही, आणि पुढील दशकात त्याचा उत्साहही मावळला. टीकाकार याचे खापर निधीवर किंवा शासकीय कारभारावर फोडतात. कारण अधिक मूलभूत असावे. ग्रामीण महाराष्ट्रात सावडीची चाल आहे; आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात, अशा रीतीने गाव पेरणी-कापणी उरकते. सावड चालते, कारण काम वाटून घेता येते आणि प्रत्येकाच्या वाट्याचे काम झाले की नाही हे डोळ्यांना दिसते. पण विहीर खोदताना पाणी किती खोल लागेल हे सावडीने ठरत नाही. जनुकांचे विवरण हे कापणीसारखे काम आहे. एखादे द्रव्य यकृतास किती घातक, फुफ्फुसातील पोकळीपर्यंत ते किती प्रमाणात पोहोचते, शंभर किलो तयार करताना त्याची शुद्धता कशी टिकवावयाची, हे प्रश्न मात्र विहिरीसारखे आहेत. त्यांत एकाच हातांनी वर्षानुवर्षे खणत राहावे लागते, आणि बहुधा खडकच लागतो. खुल्या सहकार्याने औषधशोधाचा जो भाग जलद केला तो भाग मुळात फारसा अडलेला नव्हता. हीच टीका आज कृत्रिम प्रज्ञेच्या साहाय्याने रेणू सुचविणाऱ्या पद्धतींनाही बऱ्याच अंशी लागू पडते. सुचविलेल्या रेणूंची रास वाढली, तरी विहिरी खणणारे हात तेवढेच आहेत.

भागीदारीच्या रचनेचा हिशेब निराळा आहे. क्षयाच्या औषधांसाठी २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘टीबी अलायन्स’ या ना-नफा संस्थेने २००२ मध्ये पीए-८२४ हे द्रव्य एका औषधसंस्थेकडून परवान्याने घेतले. तेच पुढे प्रेटोमॅनिड या नावाने अमेरिकेत ऑगस्ट २०१९ मध्ये संमत झाले. द्रव्याची पहिली माहिती २००० मध्ये प्रसिद्ध झाली होती, हे ध्यानात घेता एकोणीस वर्षे लागली. कोणत्याही मापाने यास वेग म्हणता येणार नाही. पण भागीदारी नसती तर ते द्रव्य फडताळातच राहिले असते, हेही तितकेच खरे. आयसोनियाझिडसारखी आणखी एक चाळीस वर्षे टळली. म्हणजे या रचनेचे यश द्रव्य हरवू न देण्यात आहे, आणि तिची प्रशंसा करावयाची तर ती याच शब्दांत करावी. ‘वेग’ हा तिचा गुण नव्हे.

खरा वाद सशर्त परवान्याच्या रचनेभोवती आहे, आणि तेथे रुग्णाचे प्राणच पणास लागलेले असल्यामुळे थोडे थांबणे अवश्य आहे. बेडाक्विलिन या द्रव्याची माहिती २००५ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाली. क्षयजंतूच्या ऊर्जानिर्मितीवरच घाला घालणारे, पूर्वीच्या कोणत्याही औषधाशी साम्य नसलेले हे द्रव्य होते. अमेरिकेच्या नियामक संस्थेने २८ डिसेंबर २०१२ रोजी त्याला शीघ्र संमती दिली. नव्या वर्गातील क्षयौषध चाळीस वर्षांनी प्रथमच संमत होत होते. संमतीचा मुख्य आधार होता तो एका मध्यम आकाराच्या चाचणीचा. तीत बहुऔषधविरोधी क्षयाच्या ७९ रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर बेडाक्विलिन, तर ८१ रुग्णांना त्याच औषधांबरोबर निष्क्रिय गोळी देण्यात आली. थुंकीच्या संवर्धनातून जंतू नाहीसे होण्यास पहिल्या गटात सरासरीने ८३ दिवस लागले, दुसऱ्यात १२५. निकाल स्पष्ट होता. मात्र दीर्घ मागोव्यात बेडाक्विलिनच्या गटात १० मृत्यू नोंदले गेले, आणि निष्क्रिय गोळीच्या गटात २. मृत्यूंच्या कारणांत कोणतीही सुसंगती आढळली नाही. बरेचसे मृत्यू औषध थांबविल्यानंतर पुष्कळ काळाने झाले होते. तरीही ज्या औषधाने जंतू लवकर मरतात त्याच औषधाच्या गटात माणसे अधिक मरावीत, ही विसंगती परवान्याबरोबरच्या इशाऱ्यात छापून तिचे निराकरण भावी चाचणीवर सोपविण्यात आले.

येथे निकषाचा प्रश्न उपस्थित होतो. रुग्ण बरा झाला की नाही हे कळावयास दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून थुंकीतून जंतू किती लवकर नाहीसे झाले हे पर्यायी माप घेतले जाते. हे माप कितपत विश्वसनीय? याचे उत्तर २०१४ मध्ये एकदम तीन चाचण्यांनी दिले. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन किंवा गॅटिफ्लॉक्सॅसिन वापरून सहा महिन्यांचा उपचार चार महिन्यांवर आणता येईल, अशी उंदरांवरील प्रयोगांतून व थुंकीच्या निकालांतून बळकट आशा निर्माण झाली होती. त्यांपैकी एका चाचणीत १,९३१ रुग्ण होते. जंतू खरोखरच लवकर नाहीसे झाले. आणि उपचार थांबल्यावर अनेकांत रोग पुन्हा उद्भवला. तिन्ही चाचण्यांत चार महिन्यांचा उपचार अपुरा ठरला. जो निकष वेगासाठी स्वीकारला त्यानेच दिशाभूल केली. चार महिन्यांचा उपचार शक्य आहे हे शेवटी २०२१ मध्ये, रिफापेंटिन व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांच्या योगाने, १३ देशांतील अडीच हजारांवर रुग्णांच्या चाचणीत सिद्ध झाले. पण त्यात रुग्णांचा दीर्घ मागोवा घेतल्यावरच.

मग २०१२ चा परवाना चुकीचा होता काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. याच वर्षाच्या आरंभी मुंबईतील एका रुग्णालयातून, तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांची वार्ता आली होती. त्या रुग्णांना उपलब्ध असलेला पर्याय म्हणजे दीड-दोन वर्षे चालणारी, श्रवणशक्ती हिरावून घेणारी इंजेक्शने. आणि त्यांनीही निम्म्याच्या आसपास रुग्ण बरे होत. अशांना ‘पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबा’ असे सांगण्याचा अधिकार कोणास आहे? परवाना देणे योग्यच होते. आक्षेपार्ह आहे ते त्यानंतरचे. ज्या भावी चाचणीच्या भरवशावर शंका स्थगित ठेवली, तिचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हावयास २०२२ साल उजाडले. बेडाक्विलिनयुक्त, इंजेक्शनविरहित उपचार जुन्या उपचारापेक्षा श्रेष्ठ ठरला आणि मृत्यूंची भीती खरी ठरली नाही, ही समाधानाची गोष्ट. परंतु ती दहा वर्षे कळली नाही. या दहा वर्षांत कित्येक देशांतील अधिकारी त्या दहा विरुद्ध दोन या आकड्याकडे बोट दाखवून औषध देण्यास कचरत राहिले. परवाना शीघ्र झाला, पण खात्री मंदच राहिली. आणि खात्रीच्या मंदपणाने परवान्याची शीघ्रता पुष्कळशी खाऊन टाकली. ज्या रचनेत शंकेचे निराकरण करण्यास कालमर्यादा नाही, त्या रचनेस शीघ्र म्हणावयाचे ते कशाच्या आधारावर?

याचेच दुसरे उदाहरण मात्रेचे आहे. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड व लिनेझोलिड ही तीन औषधे सहा महिने देण्याची जी चाचणी दक्षिण आफ्रिकेत झाली, तीत १०९ रुग्ण होते आणि तुलनागट नव्हता. सुमारे ९० टक्के रुग्णांचा परिणाम अनुकूल झाला. पूर्वी जे मृत्युपंथास लागलेले समजले जात, अशांच्या बाबतीतील हे यश असल्यामुळे तुलनागटाचा आग्रह धरणे निर्दयपणाचे झाले असते, हा युक्तिवाद मान्य करता येईल. पण लिनेझोलिडची मात्रा रोज १,२०० मिलिग्रॅम होती, आणि ८१ टक्के रुग्णांच्या हातापायांच्या मज्जातंतूंना इजा झाली. इतकी मात्रा आवश्यक होती काय, हे एका गटाच्या चाचणीतून कळणे शक्यच नव्हते. त्या चाचणीच्या आधारे २०१९ मध्ये संमती मिळाली. आणि ६०० मिलिग्रॅमची मात्रा तितकीच गुणकारी असून मज्जातंतूंची इजा २४ टक्क्यांवर येते, हे दाखविणारी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या काळात ज्यांच्या पायांची संवेदना गेली, त्यांचा समावेश वेगाच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूस करावा लागेल. वेगवेगळ्या मात्रांची यदृच्छ विभागणी पहिल्याच चाचणीत केली असती तर कोणाही रुग्णास औषधावाचून राहावे लागले नसते. येथे घाई आणि कसोशी यांत विरोध नव्हता. तो होता असे मानले गेले, इतकेच.

चाचणीची रचनाच बदलणाऱ्या प्रयत्नांकडे म्हणूनच अधिक आदराने पाहावयास हवे. एकाच तुलनागटासमोर अनेक उपचार ठेवावयाचे, जो मागे पडेल त्याची शाखा बंद करावयाची, आणि उरलेल्यांवर रुग्णसंख्या केंद्रित करावयाची, ही बहुशाखी पद्धत. २०२० च्या महामारीत ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने तिची शक्ती दाखविली. मार्चमध्ये पहिला रुग्ण दाखल झाला आणि १६ जून रोजी डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात हे जाहीर झाले. औषध अर्धशतकाहून जुने आणि अत्यंत स्वस्त होते. मद्रासच्या परंपरेशी या यशाचे असलेले नाते सहज दिसेल.

तथापि या उदाहरणाचे अंधानुकरण करणाऱ्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. एक तर ‘रिकव्हरी’च्या पाठीशी एकच राष्ट्रव्यापी आरोग्यसेवा होती, कागद थोडे, नोंदी सामाईक, आणि चाचणी हा उपचाराचाच भाग. दुसरे म्हणजे त्या रोगात अठ्ठावीस दिवसांत जगणे-मरणे ठरत होते. क्षयाचे घड्याळ निराळे आहे. उपचारानंतर सहा महिने, वर्ष, क्वचित त्याहून अधिक काळाने रोग उलटतो, आणि हा काळ कोणत्याही रचनेने आक्रसता येत नाही. ‘ट्रंकेट’ या चाचणीने यावर एक चतुर तोड काढली. दोन महिन्यांचा उपचार, त्यानंतर सक्त देखरेख, आणि रोग उलटल्यास लगेच पूर्ण उपचार, असा संपूर्ण क्रमच तिने सहा महिन्यांच्या उपचारासमोर तपासला. ६७५ रुग्णांच्या या चाचणीत, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, बेडाक्विलिन व लिनेझोलिड असलेला क्रम ९६ आठवड्यांअंती नेहमीच्या उपचाराच्या तोडीचा ठरला. काही रुग्णांत रोग उलटला हे खरे. परंतु बहुसंख्यांचे चार महिने वाचले. रोगाचे घड्याळ न मोडता त्याच्याशी जुळवून घेणारी ही रचना नव्या रचनांतील सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. ज्या आरोग्यसेवेत रुग्णाचा ठावठिकाणाच दोन महिन्यांनी राहत नाही तेथे तिचा उपयोग किती, ही शंका मात्र उरतेच.

भारतातही शीघ्र चाचणी होऊ शकते हे २०२० मध्ये दिसून आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बऱ्या झालेल्यांच्या रक्तद्रवाच्या उपचाराची चाचणी एप्रिल ते जुलै या अवधीत ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर पूर्ण केली. मृत्यू किंवा रोगाची वाढ टळत नाही असा निष्कर्ष ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय उपचारसूचनांतून तो उपचार वगळला गेला मात्र मे २०२१ मध्ये. ज्या सात महिन्यांत उत्तर हाती होते, त्यांच्या अखेरीस दुसऱ्या लाटेत नातेवाईक रक्तद्रवाच्या दात्यांसाठी शहरभर वणवण करीत होते. ज्ञानाचा वेग आणि व्यवहाराचा वेग यांतील हे अंतर मोजणारे शास्त्र अद्याप बाल्यावस्थेत आहे, आणि त्याला ‘औषधशोध’ म्हणावयास कोणी तयार नाही.

बेडाक्विलिनच्या बाबतीत हे अंतर अनेक पायऱ्यांचे होते. भारतात ते २०१६ मध्ये प्रथम केवळ सहा केंद्रांपुरते, अटी घालून, उपलब्ध झाले. त्याच्या क्षाररूपावरील एकाधिकाराची मुदत वाढविण्याचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. विरोध करणाऱ्यांत क्षयातून बऱ्या झालेल्या, पण जुन्या इंजेक्शनांनी श्रवणशक्ती गमावलेल्या दोन स्त्रिया होत्या. जुलै २०२३ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपली आणि भारतीय उत्पादकांना वाट मोकळी झाली. सहा महिन्यांच्या चार-औषधी उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली होती. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तो स्वीकारल्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली.

आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या अहवालातील ती अप्रिय नोंद पुन्हा एकदा समोर येऊन उभी आहे. बेडाक्विलिनला दाद न देणारे क्षयजंतू आफ्रिकेतील व अन्य काही देशांतील रुग्णांत आढळू लागले आहेत. रिफॅम्पिसिनविरोध दोन तासांत ओळखणारी यंत्रे जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचली आहेत. पण त्या यंत्रांना बेडाक्विलिनविरोध ओळखता येत नाही. त्यासाठी थुंकीचे संवर्धन करून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते, किंवा जनुकवाचनाची सोय असलेल्या मोजक्या प्रयोगशाळांकडे नमुना पाठवावा लागतो. तोवर उपचार सुरू झालेला असतो, आणि तो कोणत्या औषधांच्या बळावर चालला आहे हे रुग्णास, वा वैद्यासही, ठाऊक नसते.